राडारोडा जातो कुठे?

भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. भट्टीतल्या मळीचं, म्हणजे स्लॅगचं, शेजारच्या जामुलात सिमेंट होतं. मग पाडलेल्या घराचा राडारोडाच नाल्यात का?

२०१६च्या केंद्रीय नियमांनी काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड, विटा वेगळ्या ठेवायला सांगितल्या. दिवसाला २० टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा निघणार असेल, तर आधी पालिकेची मंजुरी घेणं त्या नियमांनी बंधनकारक केलं. जुनं काँक्रीट फोडून खडी मिळते. भारतीय मानक ३८३ प्रमाणे एम-२५ प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये ती २० टक्क्यांपर्यंत चालते. एवढी खडी डोंगर न फोडता मिळते, हे मला फार मोलाचं वाटतं.

घर पाडायचा ठेका देताना राडारोडा कुठे टाकणार, हे करारातच लिहून घ्या.