आज तिथी कोणती?

आम्ही वाईजवळच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. माघी पौर्णिमेला आम्ही एकवीसजणी हरिहरेश्वरला जाऊन आलो. देवदर्शनाला पौर्णिमा चांगली, म्हणून तो दिवस धरला. त्यातच आमची चूक होता होता राहिली, ती आज सांगणार आहोत.

पहाटे निघालो. आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड, म्हसळा करत साडेदहाला पोचलो. तिथला रिवाज असा, की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं आणि पुन्हा काळभैरवाचं. ते झालं. आता प्रदक्षिणा. ही प्रदक्षिणा देवळाभोवती नाही, डोंगराभोवती आहे. देवळामागून पायऱ्या चढायच्या, मग कातळाच्या चिंचोळ्या खिंडीतून उभ्या पायऱ्या उतरायच्या आणि थेट समुद्राकाठच्या खडकांवरून वळसा घालून परत यायचं.

आम्ही पदर खोचून निघालोच होतो. पायरीशी कोकम सरबत विकणाऱ्या एका मावशींनी हटकलं. "बाय माझे, आज तिथी कोणती?"

"पौर्णिमा."

"मग आता खाली जाऊ नका. उधाणाची भरती चढतेय."

खरं सांगायचं तर आम्हाला राग आला. आमच्यातली एक म्हणालीसुद्धा, सरबत खपवायला थांबवतात. तरी वरूनच बघू म्हणून खिंडीच्या तोंडाशी उभ्या राहिलो. सव्वाअकराच्या सुमाराला ज्या खडकांवरून आम्ही चालणार होतो, ते दिसेनासे झाले. लाट कड्यावर आपटायची आणि तिचं पाणी खिंडीत निम्म्यापर्यंत वर यायचं. तिथे माणसं वाहून गेलेली आहेत, मावशींनी सांगितलं. कुणी काही बोललं नाही. सरबत मात्र सगळ्यांनी घेतलं.

मग मावशींनीच हिशेब शिकवला. समुद्र घड्याळावर नाही, तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आमच्या गटातल्या थोरल्या आजी लगेच म्हणाल्या, "पंधरा पाऊण सव्वाअकरा!" लहानपणी पाठ केलेली पाऊणकी त्यांना अजून येते. वद्य पक्षातही पुन्हा एकपासूनच मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही कमी. हा अंदाज आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तिथल्या माणसाला विचारायचंच. आणि पावसाळ्यात तिथी कुठलीही असो, खाली उतरायचं नाही.

आम्ही साडेचारला उतरलो. पाणी ओसरत असताना जायचं आणि ते भरायला लागायच्या आत वर यायचं. काय ते खडक! काळा कातळ, पण लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने मधाच्या पोळ्यासारखा पोखरलेला. सकाळी जिथे पाणी उसळत होतं तिथे आता डबक्यांत खेकडे पळत होते. शेवाळावर चप्पल घसरते, म्हणून हातात हात धरून चाललो. राग आलेली बाई सगळ्यात पुढे होती.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली. ही खाडी म्हणजे सावित्रीचं मुख. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा आणि सावित्री शेजारीशेजारी उगम पावतात. कृष्णा आमच्या दारावरून पूर्वेला जाते, तिची बहीण इथे पश्चिमेला समुद्राला मिळते. आजींनी खाडीत नाणं टाकलं.

पलीकडे वेळास. नाना फडणवीसांचं गाव. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ती अंडी राखायला सुरुवात केली. पिल्लं समुद्रात सोडतात ती बघायला आता लोक येतात, आणि त्यांची राहण्याजेवणाची सोय गावातल्या घरांतूनच होते. आम्ही जेवलो त्या घरच्या वहिनींना दर काय, पाहुणे किती, सगळं विचारून घेतलं. गटाच्या बायांना दुसरं काय सुचणार!

येताना श्रीवर्धनची सुपारी घ्यायची होती. बागेत ठिकठिकाणी मोकळ्या जागा दिसल्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पोफळी आडव्या झाल्या आणि नवं झाड फळाला यायला वर्षं लागतात. भाव न करता घेतली.

पुढच्या खेपेस शेजारच्या गावचा गट बरोबर आहे. त्यांना मुक्काम नको, एका दिवसात परत यायचंय. म्हणून अष्टमी बघतोय. आठ पाऊण सहा, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. पण भांगाचं पाणी पुरेसं उतरतं का, ते विचारायला हवं. मावशींचा नंबर घेऊन ठेवलाय.