भाऊबीज, हजेरीपट आणि आपली शाळा समिती

(हुलसूर येथे पालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय दिसायला लहान आहे. शाळा चालू असताना मुलांना घेऊन गावाला जावे की नाही, आणि शाळा समितीवर, म्हणजे एसडीएमसीवर बसलेल्या माणसाने तिथे नियम पाळावा की आपलीच माणसे म्हणून डोळेझाक करावी? सीमाप्रश्न सोडून हा माणूस हजेरीपटावर काय बोलत बसला, असे काहींना वाटेल. पण मराठी शाळा टिकवण्याचे आपले राजकारण हजेरीपटावरच उभे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी आपली अडचण सांगतो, कारण ती खरी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके आपल्याच बीदर जिल्ह्यात होते. आपल्या जुन्या घरांच्या सोयरिकी त्या काळापासूनच्या. राज्य पुनर्रचनेत ते तालुके मुंबई राज्यात गेले आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. लेकी द्यायचे-आणायचे मात्र थांबले नाही. आता महाराष्ट्रात मोठी सुट्टी दिवाळीची आणि कर्नाटकात दसऱ्याची. दसऱ्याला आपली पोरे मोकळी, तर मामाची पोरे शाळेत. भाऊबीजेला मामाचे घर भरलेले, तर आपल्याकडे घंटा वाजलेली! बलिप्रतिपदेची सुट्टी मिळते, आणि दुसऱ्याच दिवशी भाऊबीज. बहीण चार दिवस म्हणून माहेरी जाते, आई-भाऊ आग्रह करतात, आठ-दहा दिवस सहज होतात. यात त्या बाईचा काय दोष? वर्षातून एकदा तर जायचे.

२०२५ चेच पाहा. दसऱ्याची सुट्टी सर्वेक्षणाच्या कामामुळे १८ ऑक्टोबरपर्यंत वाढली. लागलीच दिवाळी. २३ तारखेला भाऊबीज. अशा वर्षी जे मूल भाऊबीजेनंतरही आठवडाभर उदगीरला राहते, त्याचा शाळेशी महिनाभराहून अधिक संबंध तुटतो. पहिली-दुसरीचे मूल तेवढ्यात जोडाक्षरे विसरते. गुरुजींना मागचा धडा पुन्हा घ्यावा लागतो आणि जी मुले वेळेवर आली ती ताटकळत बसतात.

नेमका हाच मुद्दा इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. आइल ऑफ वाइट बेटावरच्या एका पालकाने एप्रिल २०१५ मध्ये मुलीला शाळा चालू असताना अमेरिकेत फिरायला नेले. त्याला दंड झाला. एरवी मुलीची हजेरी चांगली आहे, म्हणून तो भरायला त्याने नकार दिला. खालच्या न्यायालयांत तो जिंकला, पण ६ एप्रिल २०१७ रोजी पाचही न्यायाधीशांनी एकमताने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. नियमित हजेरी म्हणजे शाळेने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे हजेरी, असा अर्थ त्यांनी लावला, आणि एकाच्या गैरहजेरीने इतर मुलांच्याही अभ्यासात खंड पडतो हे नमूद केले. ऑगस्ट २०२४ पासून तिथे हा दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड आहे. २१ दिवसांत न भरल्यास १६०. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांनाही गावाकडच्या लग्नाचा मुहूर्त शाळेची सुट्टी पाहूनच गाठावा लागतो.

आपल्याकडे तसा दंड नको, आणि कायद्यात तो नाहीही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा पालकाला मूल शाळेत घालण्याचे कर्तव्य सांगतो, पण शिक्षा सांगत नाही. तोच कायदा पाचवीपर्यंत वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असे म्हणतो. देखरेख करायला समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक, आणि निम्म्या महिला. थोडक्यात, दंडाचा धाक नसल्याने समितीचा शब्द चालतो तो केवळ तिच्या वागणुकीवर.

आणि इथेच आपल्यासारख्या जुन्या घरांनी थोडे आत पाहायला हवे. समितीवर कोण असते? बहुधा आपल्याच वाड्यांतली माणसे. एखाद्या सदस्याचा नातू दहा दिवस माहेरवाशिणीबरोबर गेला तर गुरुजी काही बोलत नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या घरातले पोर मात्र परत आले की, इतके दिवस कुठे होतास म्हणून त्याला उभे करतात. काही वेळा नाव कमी करण्याची भाषा होते. कायद्याने तसे करता येत नाही. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. ते पोर हौसेने गेलेले नसते. दिवाळीनंतर आई-बाप कोयता घेऊन निघाले तर त्याला ठेवायचे कुणाकडे? महाराष्ट्रात अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालवली जातात. आपल्या समितीने तशी सोय इथे मागितली पाहिजे. हौसेच्या सुट्टीला सवलत आणि पोटाच्या सुट्टीला दटावणी, हा न्याय मला मान्य नाही.

तेव्हा समितीच्या सदस्यांनी नियम पाळावा, आणि तो आधी स्वतःच्या घरी. आजारपण, मयत, सख्ख्या नात्यातले लग्न, यांना अर्ज देऊन रजा मिळावी. जत्रा, वास्तुशांत, जावळ एवढ्यासाठी आठवडा नको. दहावीच्या पालकांना तर वेगळे सांगायला नको. एसएसएलसीला बसायचे तर ७५ टक्के हजेरी लागते.

पण नियम पाळा म्हणणाऱ्याने नियम पाळता येईल अशी वाटही काढली पाहिजे. सासुरवाशिणीला माहेर तोडायला सांगणारी समिती कुणी ऐकणार नाही, ऐकूही नये. म्हणून भाऊबीजेच्या दिवशी आपल्या मराठी शाळांना स्थानिक सुट्टी मिळावी आणि तो दिवस शनिवारी दुपारी वर्ग घेऊन भरून द्यावा, अशी मागणी समितीने करावी. मूल सोमवारी वर्गात हवे, हे मग आपण हक्काने सांगू शकू.

राजकारण म्हणालो ते यासाठी. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेचे ३५०-अ कलम सांगते. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे १९४९ मध्येच प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरवले होते. आपण निवेदने देताना हे सगळे लिहितो. पण पाहणीला आलेला अधिकारी पट पाहतो तशी बाकांवरची डोकीही मोजतो. पटावर १४ आणि वर्गात ५ असतील तर आपल्या निवेदनाचे वजन किती राहील? हुलसूर आता तालुका आहे. इथे कार्यालये आली, अधिकारी येऊ लागले. आपली शाळा त्यांना भरलेली दिसली पाहिजे.

जूनच्या पहिल्या बैठकीत हा ठराव घ्या. सुट्टीची मागणी, रजेचा नियम आणि हंगामी वसतिगृह, तिन्ही एकाच ठरावात. ठराव कन्नडमध्ये लिहा, मराठी प्रत सोबत जोडा आणि बीईओ कार्यालयाची पोच घ्या. सह्या करताना महिला सदस्यांच्या सह्या त्यांच्याच हातच्या असू द्या, घरी वही पाठवून आणलेल्या नकोत.