एका क्रियापदाचे ओझे
(व्याख्यानाचा पाठ)



शताब्दीच्या व्यासपीठावरून एखाद्या थोर ग्रंथाविषयी बोलावे, असा संकेत आहे. मी मात्र एका शब्दाविषयीच बोलणार आहे, आणि तोही स्वीडिश. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या आपणांस शब्दांची देवघेव नवी नाही. म्हणून हे धाडस.

तो शब्द म्हणजे 'मिल्द्रा'. 'मिल्द' म्हणजे सौम्य. 'मिल्द्रा' म्हणजे सौम्य करणे. इंग्रजीत त्याला प्रतिशब्द शोधू लागलो की एकाऐवजी चार उभे राहतात : मिटिगेट, अलीव्हिएट, सॉफ्टन, रिड्यूस. वाटेल तो उचलावा, असे मात्र नाही. दुष्परिणाम सौम्य करावयाचा असेल तर मिटिगेट, दैन्य वा दुःख असेल तर अलीव्हिएट, आघात असेल तर सॉफ्टन, शिक्षा असेल तर रिड्यूस. क्रियापद कोणते, हे कर्म ठरविते. यांपैकी पहिल्याचे लॅटिन मूळ 'मृदू' या अर्थाचे, तर दुसऱ्याचे 'हलका' या अर्थाचे. म्हणजे एक शब्द कठीण वस्तू मऊ करतो, दुसरा डोक्यावरचे ओझे उतरवितो. मराठीलाही हा विवेक ठाऊक आहे. आपली वेदना शमते, दुःख हलके होते, धार बोथट होते. स्वीडिशमध्येही वेदनेसाठी 'लिंद्रा' आणि आवाज वा प्रकाश मंद करण्यासाठी 'देंपा' अशी 'मिल्द्रा'ची भावंडे आहेतच.

हा केवळ कोशातला विलास नव्हे. स्वीडनच्या १९७४ च्या शासनविषयक मूलभूत कायद्यात दयेच्या अधिकाराचे कलम आहे. त्यानुसार तेथील सरकार गुन्ह्याची शिक्षा 'एफ्तरये' करू शकते किंवा 'मिल्द्रा' करू शकते. पहिल्याचा अर्थ शिक्षा सोडून देणे, दुसऱ्याचा ती सौम्य करणे. अधिकृत इंग्रजी अनुवादात येथे अनुक्रमे 'रेमिट' आणि 'रिड्यूस' ही क्रियापदे आहेत. अनुवादकाने या दोहोंची गल्लत केली, तर कागदावर एक माणूस तुरुंगातून सुटतो किंवा सुटायचा राहतो!

त्याच देशाच्या दंडसंहितेत याच धातूपासून घडलेले एक विशेषण गुन्ह्याचे गांभीर्य कमी करणाऱ्या परिस्थितीस लावले आहे. दुसऱ्याच्या उघड अवमानकारक वर्तनामुळे गुन्हा घडला असेल, तर न्यायाधीशाने ते विचारात घ्यावे, असे ती संहिता सांगते. तथापि गुन्हा गुन्हाच राहतो. कमी होते ती त्याची तीव्रता. 'मिल्द्रा'चे मर्म येथे आहे. सौम्य करणे म्हणजे पुसून टाकणे नव्हे, झाकणेही नव्हे.

आपल्या राज्यघटनेच्या ७२ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींना दयेचा अधिकार आहे. तेथील 'कम्यूट' या क्रियापदासाठी मराठी पाठात 'सौम्य करणे' असा प्रयोग आढळतो. इंग्रजी 'कम्यूट'मध्ये मुख्यत्वे बदलाची कल्पना आहे; स्वीडिश आणि मराठी मात्र परस्परांस न विचारता सौम्यतेपाशी येऊन थांबल्या. इंग्रजीच्या दारातूनच स्वीडिश शब्दाकडे पाहिले असते, तर हे नाते दृष्टीस पडले नसते.

म्हणून कोशांचे कपाट जपा, एवढीच विनंती. कादंबरी एकदा वाचून परत करता येते; कोशाकडे मात्र पुन्हा पुन्हा जावे लागते. परक्याचे दुःख नेमक्या शब्दात सांगता आले, तरच ते हलके करण्याची वाट सापडते.