बंगळूर ते पुणे : रस्त्याकडेचे फोटो
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि साडेआठला आरती आहे, तेव्हा प्रस्तावना आवरती घेतो. आपल्यापैकी बहुतेक जण वर्षातून एकदा तरी गाडी काढून पुण्याकडे, कोल्हापूरकडे जातात. पुण्यापर्यंत साडेआठशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. घरी पोचल्यावर फोटो बघावेत तर निघताना भरलेल्या डिकीचा एक, आणि त्यानंतर एकदम मामाच्या अंगणातला. मधला रस्ता जणू नव्हताच. या मधल्या रस्त्याचे फोटो काढायचा नाद आमच्या घराला लागला, त्याविषयी थोडे सांगतो.

आधी तांत्रिक बाब उरकू. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात गाडी वीतभर पुढे गेलेली असते. हजारावा भाग ठेवले, तर जेमतेम दोन सेंटिमीटर. म्हणून दूरचा डोंगर चालत्या गाडीतून चांगला येतो आणि जवळचे झाड फरपटते. चित्रदुर्गजवळच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या खुशाल चालत्या गाडीतून घ्या. जवळचे काही हवे असेल तर थांबा, पण महामार्गाच्या कडेला नव्हे. पेट्रोल पंप, ढाबा किंवा सर्व्हिस रोड गाठा. आणि जो गाडी चालवतो त्याने कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. हा नियम आमच्याकडे सौभाग्यवतींनी केला आहे, त्यामुळे त्याला अपवाद नाही.

सुरुवात मैलाच्या दगडांपासून झाली. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा, नारंगी गावाकडच्या रस्त्याचा, हे लेकीला सांगितले आणि तिला खेळच मिळाला. आपला हा रस्ता पूर्वी महामार्ग क्रमांक ४ होता, २०१० सालच्या नव्या क्रमवारीत तो ४८ झाला. जुना ४ आकडा शिल्लक असलेले दगड शोधायचे, असा पुढचा खेळ. आमच्याकडे तसे नऊ आहेत.

मग पाट्या. लेक इथल्या शाळेत कन्नड शिकते, माझ्या आईला कन्नड वाचता येत नाही. त्यामुळे तुमकूर, हिरियूर, दावणगेरे सगळे नात आजीला वाचून दाखवते. बेळगाव-निपाणीकडे दोन्ही लिप्यांच्या पाट्या दिसू लागल्या की आजी सरसावून बसते. कागलच्या पुढे दुकानांच्या पाट्यांवरची जोडाक्षरे नातीला अडतात आणि मग वाचून दाखवायची पाळी आजीची. मी दोघींनी वाचलेल्या पाट्यांचे फोटो घेतो.

जानेवारीत जात असाल तर हावेरीच्या अलीकडे मोटेबेन्नूरहून ब्याडगीला जाणारा फाटा घ्या. पाच-सहा किलोमीटर आत मिरची वाळत घातलेली दिसेल. गडद लाल, सुरकुतलेली, रंगाला जास्त आणि तिखटाला कमी. आपल्या घरातल्या मसाल्याचा रंग बहुधा तिचाच. लाल रंग मोठा लबाड असतो, भर दुपारी फोटोत नुसता डाग उमटतो. सकाळी नऊच्या आत किंवा उन्हे कलल्यावर काढलात तर एकेक सुरकुती दिसते. शिंका येतात, त्याला इलाज नाही. चन्नगिरीजवळ होदिगेरे इथे शहाजीराजांची समाधी आहे. वाट वाकडी करावी लागते, पण बंगळूरची जहागीर ज्यांच्याकडे होती ते १६६४ मध्ये तिथे गेले, हे बंगळूरच्या मराठी मुलांना ठाऊक असावे.

झाडांचे मात्र आता वाईट वाटते. खोडाला चुना आणि गेरूचे पट्टे ओढलेले वड आठवतात ना? वाळवी लागू नये आणि रात्री दिव्यांच्या उजेडात खोड दिसावे म्हणून ते पट्टे. आमच्या अल्बममध्ये १९९४ सालचा एक फोटो आहे. कराडच्या अलीकडे वडाखाली आमची फियाट उभी, पुढे आम्ही पाच जण, पाचांपैकी तिघांचे डोळे मिटलेले. फोटो म्हणून टाकाऊ. पण मागे वडांची रांग आहे, फांद्या रस्त्यावर एकमेकींत गेलेल्या. रस्ता चौपदरी झाला तेव्हा ती रांग गेली. फोटो काढणाऱ्या काकांनी झाडांकडे पाहिलेही नसेल, पण आज आम्ही तो फोटो त्या झाडांसाठी उघडतो. म्हणून आता फोटोमागे जवळचे गाव, किलोमीटर आणि तारीख लिहून ठेवतो. मोबाइल जागा आपोआप नोंदवतो हे खरे, पण दोन मोबाइल बदलले की ती नोंद सापडत नाही.

आता माणसांचे फोटो. न कळत काढलेला फोटो जास्त नैसर्गिक असे म्हणतात. मला ते पटत नाही. दोन वर्षांपूर्वी निपाणीच्या पुढे पेट्रोल पंपावर थांबलो होतो. बाजूच्या रस्त्याने उसाच्या टायरगाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या. एक जोडपे बैलांना पाणी दाखवायला थांबले. लेकीने कॅमेरा वर केला, तेवढ्यात आईने तिचा हात धरला आणि स्वतः पुढे जाऊन विचारले, "कुठल्या गं बाई तुम्ही?"

"बीडकडच्या. कोयता हाय आमचा."

तोडणीवाल्या नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, हे लेकीला तिथे कळले. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे, उन्हाळ्यापर्यंत फडाशेजारी कोपीत राहायचे. म्हणजे आपल्यासारखीच घराबाहेर राहणारी माणसे, फक्त त्यांना दरवर्षी नव्याने बिऱ्हाड मांडावे लागते. फोटो काढू का विचारल्यावर बाई म्हणाल्या, "काढा की. पण फुटू काढून काय करता?" मी मोबाइलवर पाठवतो म्हणालो. "मोबाइल ह्यांच्याकडं. त्यात पैसे असले तर चालतो. कागदाचा धाडा. पोरगी गावाकडं आज्जीपाशी हाय, चौथीला."

त्यांनी कोयता गाडीत ठेवला, तोंड धुतले, डोक्यावर पदर घेतला. नवऱ्याने बैलांची शिंगे पुसली. आधी लेक काढणार होती तो फोटो उसाच्या ढिगाचा आला असता, त्यात ही दोघे कुठेतरी खाली. आता आला तो एका घरचा फोटो आहे, ताठ उभे राहून, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा.

पुण्याला पोचल्यावर दोन प्रती काढून गावच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. पाकिटावर माझा नंबर होता. पाडव्यानंतर अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे लहान मुलीचा आवाज. फोटो मिळाला म्हणाली, आणि मागून आजीने काही सांगितले ते ऐकून पुढे म्हणाली, "बैलांचा बी चांगला आलाय."