लडी धरायला कोणीतरी हवं



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची अकरा माणसं पाच दिवस त्र्यंबकेश्वरजवळ जाऊन राहिलो. पाच दिवस मोबाइल बंद आणि टीव्हीही नाही. त्या पाच दिवसांबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे. पण मोबाइल बंद ठेवा, एवढंच सांगायला मी आलेले नाही. ते तर सगळेच सांगतात. मोबाइल खाली ठेवल्यावर जे हात रिकामे होतात, त्यांचं काय करायचं हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही एका तलावाकाठच्या हॉटेलात गेलो होतो. रात्री आठनंतर कोणी फोनला हात लावायचा नाही, असं माझ्या मुलाने जाहीर केलं. सगळ्यांनी ऐकलं. साडेआठला गप्पा सुरू झाल्या, नवाला थांबल्या, सव्वानवाला सगळे जांभया देऊ लागले. दुसऱ्या रात्री एकाने ‘उद्या पाऊस आहे का, एवढंच बघतो’ म्हणून फोन उघडला आणि तिसऱ्या रात्री तलावाकडे पाठ करून सगळे आपापल्या खोलीत. नातवंडांना रागावण्यात अर्थ नव्हता. आम्ही त्यांच्या हातातून एक वस्तू काढून घेतली होती आणि त्या जागी काहीच दिलं नव्हतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली, शाळा परत वर्गात गेली तरी मुलं मोबाइलवरच राहिली. मग 2022 च्या ऑगस्टपासून त्या गावात रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट भोंगा वाटत नाही. त्या दीड तासात मुलांनी वह्या-पुस्तकं घेऊन बसायचं आणि मोठ्यांनीही वाचायचं, बोलायचं, हे ठरलेलं होतं. बंदीच्या शेजारी काहीतरी काम मांडलेलं होतं.

आमचं काम होतं विणकाम. ते मी काही फार विचार करून निवडलेलं नव्हतं, हेही सांगते.

माझी मावसबहीण त्र्यंबक तालुक्यात बेझ्याच्या बाजूला राहते. गौतमी गोदावरी धरणाचा फुगवटा तिच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर आहे. चक्रतीर्थही त्याच भागात. गंगाद्वारी उगम पावलेली गोदावरी कुशावर्तात प्रकटते, तिथून पुन्हा गुप्त होते आणि चक्रतीर्थावर नदी होऊन वाहू लागते, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आहोत. नोव्हेंबरात भाताची कापणी उरकत आलेली असते. खळ्यावर पेंढा, बांधावर वाळलेलं गवत, सकाळी पाण्यावर धुकं आणि त्यामागे ब्रह्मगिरी. उन्हं वर येईपर्यंत अंगावरची शाल काढवत नाही.

बहिणीकडे एक जुनी ट्रंक होती. तिच्यात माझ्या मावशीने विणलेले तीन स्वेटर निघाले, खऱ्या लोकरीचे. आता दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक वेळा अॅक्रिलिकची असते. धुवायला सोपी, रंगाला चांगली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही मेंढीची लोकर होती. कोपरांना भोकं पडलेली, गळा सैल झालेला, बाकी धागा शाबूत. बहीण म्हणाली, “टाकवत नाही गं, आणि घालवतही नाही.” मी म्हटलं, उसवू या.

जुना स्वेटर उसवणं हे आमच्या आयांच्या पिढीत दर उन्हाळ्याचं काम होतं. आजच्या मुलांनी ते पाहिलेलंही नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आधी बाजूंच्या आणि बाह्यांच्या शिवणी कापायच्या. स्वेटर खालच्या पट्टीपासून वर विणत नेलेला असतो, म्हणून उसवायचा तो गळ्याकडून. एकदा टोक सापडलं की धागा टरटर सुटत येतो. तो नागमोडी असतो, प्रत्येक टाक्याची वळी त्याच्यात राहिलेली असते. तशाच धाग्याने विणलं तर वीण ओबडधोबड येते. मग तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यातून काढायची आणि खाली थोडं वजन अडकवून सावलीत वाळत घालायची. वजनाने वळ्या जातात. दुसऱ्या दिवशी लडीचा गुंडा करायचा.

आमच्या लड्या धरणाकडे तोंड केलेल्या पडवीत, बांबूला टांगल्या होत्या. वजन म्हणून प्रत्येकीला पाण्याचा तांब्या. वारा आला की तांबे एकमेकांवर वाजायचे.

गुंडा करायला दोन माणसं लागतात. एकाने दोन्ही हात पुढे करून त्यात लडी धरायची, दुसऱ्याने गुंडाळायचं. माझा मोठा नातू तेरा वर्षांचा. पहिले दोन दिवस तो कोणाशी धड बोलला नव्हता. बांधावर जाऊन बसायचा, जेवायला हाक मारली की यायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, “हात दे रे जरा.” तो समोर बसला. मी लडी त्याच्या हातांत अडकवली. धागा डावीकडून सुटला की डावा हात किंचित कलता करायचा, उजवीकडून सुटला की उजवा. न सांगता दहा मिनिटांत त्याला ते जमलं.

आता बघा, दोन्ही हात अडकलेले, उठून जाता येत नाही, समोर आजी आणि दोघांच्या मध्ये एक हलता धागा. डोळ्यांत डोळे घालून बोलायची सक्ती नाही, कारण दोघांची नजर धाग्यावर. अर्ध्या लडीनंतर तो आपण होऊन बोलू लागला. शाळा बदलल्यापासून डबा एकट्याने खातो, हे त्याने मला तिथे सांगितलं. त्याच्या आईलाही ते माहीत नव्हतं. मी काही उपदेश केला नाही. “डावा हात खाली कर” एवढंच म्हणत राहिले आणि ऐकत राहिले. त्या दिवशी आम्ही चार लड्या संपवल्या. खरं तर दोनच करायच्या होत्या.

हे विणकामामुळे घडलं, असं मी ठामपणे म्हणते. पुस्तक वाचताना डोळे गुंततात, पत्ते खेळताना डाव गुंतवतो. विणताना गुंततात ते फक्त हात. कान मोकळे, तोंड मोकळं. म्हणून तर रेडिओची आणि विणकामाची इतकी जुनी मैत्री आहे. दुपारी ‘वनिता मंडळ’ लागायचं तेव्हा आमच्या वाड्यात चार घरांतल्या बायका एका रेडिओभोवती सुया घेऊन बसायच्या. आत्ताही हे ऐकताना तुमच्यापैकी कोणाच्या हातात सुया असतील, तर मला फार बरं वाटेल.

1962 साली मी सहा वर्षांची होते. चीनचं आक्रमण झालं आणि आमच्या वाड्यात बाळंतविड्याच्या टोपड्यांची, मोज्यांची विणकामं बाजूला पडून हिरवट खाकी लोकर आली. देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि 1963 मध्ये आमच्या नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, त्यामुळे वाड्याला ते काम अगदी घरचं वाटायचं. आई रेडिओवरच्या बातम्या ऐकत विणायची. मला आठवतं ते एवढंच, की बातम्यांच्या वेळी तिच्या सुयांचा आवाज भरभर व्हायचा.

सुयांवरचं लोकरीचं विणकाम आपल्याकडे इंग्रजी अमदानीत, मिशनच्या आणि मुलींच्या शाळांमधून रुजलं. त्याआधी आपली लोकर म्हणजे धनगरांची घोंगडी, आणि ती मागावर विणलेली. आमच्याच जिल्ह्यात येवल्याला पैठणीचे माग आहेत. मागावर उभे धागे वेगळे, आडवे वेगळे. सुयांवर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच धागा, आणि प्रत्येक टाका पुढच्या टाक्याने धरून ठेवलेला. मागाला जागा लागते. सुया पिशवीत घालून कुठेही नेता येतात, पाण्याच्या काठावरसुद्धा.

चौथ्या दिवसापर्यंत आम्ही सात जण विणत होतो. जावईसुद्धा. त्यांना सुलट ओळ लगेच आली, उलट ओळीला मात्र धागा पुढे घ्यायचं दर वेळी विसरायचे. धाकटी नात आठ वर्षांची. तिचा एक टाका चार ओळी खाली निसटला. निसटलेल्या टाक्याच्या जागी शिडीसारख्या दांड्या दिसतात. क्रोशाच्या सुईने टाका पकडायचा, एकेक दांडी त्याच्यातून ओढून घ्यायची आणि वर चढवत सुईवर आणायचा. मी तिला ते करून दाखवलं. तिने श्वास रोखून पाहिलं, मग मुद्दाम आणखी एक टाका पाडला, स्वतः चढवता यावा म्हणून.

आणि मग प्रश्न सुरू झाले, जे एरवी फोनला विचारले जातात. हे पाणी पुढे कुठे जातं, असं नातवाने विचारलं. बहिणीचे यजमान, आमचे भावोजी, पेंढ्या बांधता बांधता सांगू लागले. इथून गंगापूर धरण, मग नाशिक, नांदूर मध्यमेश्वर, पैठणला नाथसागर, पुढे नांदेड, तेलंगणात बासर आणि भद्राचलम, आंध्रात राजमहेंद्री आणि मग बंगालचा उपसागर. सगळे मिळून 1465 किलोमीटर. आणि याच डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. “म्हणजे पाऊस डोंगराच्या कुठल्या बाजूला पडतो त्यावर समुद्र ठरतो?” नातवाने विचारलं. भावोजी म्हणाले, “असंच काहीसं.” त्यावर तासभर चर्चा चालली. फोनवर हे उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं असतं आणि चर्चा तिथेच संपली असती.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. एक फोन आम्ही चालू ठेवला होता. माझ्या व्याह्यांना हृदयाचा त्रास आहे आणि दवाखाना जवळ नाही. तो फोन देवघरातल्या फळीवर असायचा, आवाज मोठा करून. अशा बाबतीत हट्ट करू नये. आणखी एक. धरणाचं पाणी शांत दिसतं, पण खाली गाळ असतो आणि कडेची जमीन एकदम खोल जाते. दुगारवाडी, पहिने या भागांतल्या पावसाळी अपघातांच्या बातम्या आपण वाचतो. आमच्याकडे मुलांनी काठावर बसायचं, पाण्यात उतरायचं नाही, हा नियम फोनच्या नियमापेक्षा कडक होता.

निघायच्या दिवशी कुशावर्तावर हातपाय धुऊन, देवदर्शन करून आम्ही घरी आलो. विणकाम कोणाचंच पुरं झालेलं नव्हतं. नातवाचा मफलर जेमतेम वीतभर झाला होता. बहीण निघताना म्हणाली होती, पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या येतात, थंडी कडाक्याची असते, म्हातारी माणसं नुसत्या उपरण्यावर चालतात. तेव्हा जे पुरं होईल ते माझ्याकडे पाठवा.

जानेवारीत एका रात्री नातवाचा पुण्याहून फोन आला. “आजी, टाके बंद कसे करतात?” मी म्हटलं, दोन टाके विण, पहिला दुसऱ्याच्या डोक्यावरून काढ, मग आणखी एक विण. घट्ट ओढू नकोस, नाहीतर कड आखडते. त्याने फोन स्पीकरवर टाकला, बाजूला ठेवला आणि शेवटच्या टाक्यापर्यंत मी फोनवर होते. यात्रेआधी बहिणीकडे दोन मफलर आणि एक कानटोपी पोचली. त्यातल्या एका मफलरची एक कड आखडलेलीच होती. तो एका वारकरी आजोबांनी तिथेच गळ्यात घातला, असं बहिणीने कळवलं.

श्रोतेहो, येत्या सुट्टीत कुठे पाण्याकाठी जाणार असाल, तर पिशवीत सुयांच्या दोन-तीन जोड्या टाका. शिकणाऱ्यासाठी दहा किंवा बारा नंबरच्या घेऊ नका. आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते. आठ नंबरच्या घ्या, लोकर फिक्या रंगाची घ्या म्हणजे टाके नीट दिसतात, आणि घरात एखादा जुना स्वेटर पडला असेल तर तो आधी शोधा. लडी मात्र एकट्याने धरू नका. घरातलं जे माणूस सगळ्यात कमी बोलतं, त्याला समोर बसवा आणि त्याच्या हातात द्या.