कंडेन्सर गेला तर

माझ्या पुतण्याचा जुना पेट्रोलचा ट्रक कांदा भरून निघाला आणि वाटेत बंद पडला. मिस्त्री म्हणाला, ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर पुरा बदला. कांद्याचे सगळे पैसे त्यातच गेले असते!

आम्ही त्याचे झाकण काढले. इंजिन फिरवले की पॉइंटवर मोठी ठिणगी उडे. पॉइंट काळे पडलेले. म्हणजे कंडेन्सर गेला. ही बोटाच्या पेराएवढी डबी. पॉइंट उघडताना वीज उडी मारू पाहते, तिला ही सामावून घेते.

तसाच कंडेन्सर मिळेना. मग भंगारातल्या पेट्रोल मोटारीचा घेतला. मोटारींचे कंडेन्सर बहुतेक जवळजवळ सारख्या मापाचे असतात. आत बसेना, म्हणून बाहेर लावला. त्याची तार कॉइलकडून पॉइंटला येणाऱ्या तारेला जोडली, डबी इंजिनच्या उघड्या लोखंडाला घट्ट आवळली. पॉइंट घासून साफ केले. कॉइल मात्र अशी लावू नका हं. सहा व्होल्टची बारावर जळते.

कांदा दुसऱ्या दिवशी बाजारात उतरला.