जुन्या मोटारसायकलींचीं इंजिन-कवचें

कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ३०-४० वर्षांच्या जुन्या बुलेट गाड्या अद्यापि दिसतात. मालक त्यांस पुसून लखलखीत ठेवितात. टाकीचा रंग, चाकांचे आरे यांकडे त्यांचें बारीक लक्ष असतें. परंतु इंजिनाच्या तळाशीं जें ॲल्युमिनियमचें कवच असतें, ज्यास कारागीर क्रॅंककेस म्हणतात, त्याकडे जमिनीवर तेलाचा डाग पडेपर्यंत कोणी पाहत नाहीं. आणि तो डागही, बुलेट म्हटली कीं तेल गळायचेंच, अशा थट्टेवारी नेला जातो. ही थट्टा कित्येकदां महाग पडते.

या कवचाचें काम केवळ झांकण्याचें नव्हे. बुलेटच्या जुन्या ३४६ घनसेंटिमीटरच्या इंजिनांत ७० मिलिमीटर व्यासाचा एकच दट्ट्या ९० मिलिमीटर खालीं-वर धांवतो, व त्याचा प्रत्येक ठोका बेअरिंगांवाटे या कवचांत उतरतो. तेलाचा सांठा त्याच्याच पोटांत, गिअरपेटी त्याच्याच पाठीस बोल्टांनीं आवळलेली. पोलादास एका मर्यादेखालचे ठोके वाटेल तितके सोसतां येतात. ॲल्युमिनियमला तशी निश्चित मर्यादा नाहीं. लहान आघातांचाही हिशेब तो धातु ठेवीत राहतो, आणि भेग पडते ती बहुधा जेथें ओतीव भाग एकदम पातळ होतो किंवा बोल्टाच्या भोकाशीं कोन धारदार राहिलेला असतो तेथें.

मग दोष ओतकामाचा कीं वापरणाराचा? दोहोंचाही, परंतु दुसऱ्याचा वांटा लोक समजतात त्याहून मोठा आहे. इंजिन चौकटीस धरणारे बोल्ट ढिले राहिले म्हणजे सारा भार उरलेल्या एक-दोन कानांवर येतो. उलट, तेल काढण्याचा बोल्ट लांब पान्यानें अंगांतील सगळें बळ लावून आवळणारेही थोडे नाहींत. पोलादापुढें ॲल्युमिनियमचे आटे टिकत नाहींत. कवचाचीं दोन अर्धें छिन्नी घालून उकलणें हा तर शुद्ध अत्याचार होय.

म्हैसूरच्या कारखान्यांतून १९९६ पर्यंत निघालेल्या येझदीची गोष्ट याहून निराळी. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोल-हवेचें मिश्रण सिलिंडरांत जाण्यापूर्वीं क्रॅंककेसमध्येंच दाबलें जातें. बारीक भेगेंतून बाहेरची हवा आंत शिरली कीं मिश्रणांतील पेट्रोल कमी पडतें, उष्णता वाढते, आणि दट्ट्या अडकून मागचें चाक धांवत्या गाडीखालीं एकाएकीं थांबूं शकतें. घाटांत अशा वेळीं क्लच दाबण्यास क्षणभराचाच अवधि मिळतो.

भेग ओळखण्याची एक जुनी युक्ति घरींही करतां येते. थंड इंजिनाचें कवच स्वच्छ धुऊन त्यास रॉकेल लावावें, थोड्या वेळानें कोरडें पुसावें व वर खडूची पूड फांसावी. भेगेंत दडलेलें रॉकेल पांढऱ्या पुडींत काळसर रेघ होऊन उमटतें.

एपॉक्सीची लांबी थापल्यानें तेल थांबतें, भेग वाढतच राहते. खरा उपाय आर्गन वेल्डिंगचा. पण तो सोपा नाहीं. ॲल्युमिनियम सुमारें ६६० अंशांवर वितळतें, तर त्यावरील ऑक्साइडाचा पापुद्रा २००० अंशांपलीकडेही टिकतो. त्यांत वर्षांनुवर्षें मुरलेलें तेल! म्हणून कवच पूर्ण उकलून, धुऊन, भेगेच्या टोकाशीं भोंक पाडून, ती खरवडून रुंद करून आणि धातु आधीं तापवून मगच जोड द्यावा लागतो. बाजूच्या झांकणास किंवा बोल्टाच्या कानास तो पुरतो. भेग बेअरिंगच्या बैठकीपर्यंत पोंचली असेल तर मात्र नामांकित कारागिराच्या शब्दावरही विसंबूं नये, कवच बदलावें.

येथेंच खरी पंचाईत आहे. इंजिनाचा क्रमांक याच कवचावर ठोकलेला असतो व तोच नोंदणीच्या कागदांत असतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनीं नवी करावी लागते, व त्या वेळीं क्रमांक ताडून पाहतात. तेव्हां भंगारबाजारांतील कवच घेण्यापूर्वीं तें चोरीच्या गाडीचें तर नाहीं ना, हें पाहावें, विक्रीची पावती घ्यावी, आणि कल्याणच्या परिवहन कार्यालयाकडे रीतसर परवानगी मागावी. जुना क्रमांक दुसऱ्या कवचावर ठोकून देणारे भेटतात. त्यांच्या वाटेस जाऊं नये. अर्ज मंजूर होईपर्यंत फुटलेलें कवचही घरींच ठेवावें.